पाण्याचा विटाळ कशानें होतो?



पाणी कशानें बाटतें, हा प्रश्न आपल्या देशांत फार जुना आहे, आणि त्याचें खोटें उत्तर पुष्कळांस भोगावें लागलें आहे. ता. २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती चवदार तळ्याचें पाणी प्याले. तळें बाटलें असें समजून स्पृश्यांनीं पंचगव्याचे १०८ घडे वापरून त्याची ‘शुद्धि’ केली. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें.

परंतु त्यापूर्वीं त्रेचाळीस वर्षें, १८८४ सालीं, रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांस कलकत्त्याच्या एका तळ्यांत पटकीचे जंतु आढळले होते. विटाळ मनुष्याच्या स्पर्शांत नसून मळांत आहे, हें तेव्हांच दिसून आलें होतें. महाडास मात्र मनुष्य दूर लोटिला, आणि शुद्धीच्या नांवानें शेण पाण्यांत गेलें!

आतां आपणांकडे पाहूं. बोदवडाकडे पाण्याची टंचाई नवी नव्हे. टंचाईंत पाणी पिंपांत व टाक्यांत सांठवावें लागतें, आणि सांठविलेल्या पाण्यांत जंतु शिरावयास वेळ लागत नाहीं. उपाय स्वस्त आहे. एक हजार लिटर पाण्यास सुमारें अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर पुरते. ती थोड्या पाण्यांत कालवून वरची निवळी टाकावी व तासभर थांबावें. पावडर उघडी राहिल्यास तिचा जोर जातो, म्हणून डबा घट्ट लावावा.

“पाण्यास वास येतो,” अशी तक्रार आम्हीं पुष्कळदां ऐकितों. वास येतो हें खरें. परंतु धडधाकट मनुष्यानें तो थोडा वास सोसला, तर शेजारचें तान्हें मूल जुलाबानें दगावण्यापासून वांचूं शकतें. तहानेल्यास पाणी देणें हें धर्मकृत्य असेल, तर तें निर्दोष करून देणें हा त्याचाच भाग नव्हे काय? तसेंच, पावडर न टाकितां वहींत ‘टाकिली’ असें लिहिणारा जलसुरक्षक केवळ आळशी नव्हे. तो साऱ्या गांवाशीं खोटें बोलतो.

जातीच्या शुद्धीनें विहिरी वेगळ्या केल्या. या शुद्धींत एकाची हयगय सर्वांस बाधते व एकाची काळजी सर्वांस तारिते. ज्यांच्या आजोबांस “तुमच्यानें पाणी बाटतें” असें ऐकावें लागलें, त्यांच्या घरचें पाणी आज कशानें बाटत आहे, हें त्यांनींच प्रथम पाहावें.