आपलीही टोपली तपासू या



निवडणूक आली की मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आपले दोन घोळके होतात. एकाच वेदीवरून प्रभूचे शरीर स्वीकारलेले आपण, पण एकाच बातमीचे दोन अर्थ काढतो आणि ‘त्यांना अक्कलच नाही’ म्हणून मोकळे होतो. खरेच तसे असते का?

१९७९ साली अमेरिकेत लॉर्ड, रॉस व लेपर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ विद्यार्थी घेतले. २४ फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, २४ विरोधातले. सर्वांना दोन अहवाल वाचायला दिले. फाशीमुळे खून कमी होतात असे एक अहवाल सांगत होता, होत नाहीत असे दुसरा. दोन्ही बाजू वाचून मने जवळ यायला हवी होती. घडले उलटेच. प्रत्येकाला विरुद्ध बाजूच्या अहवालातच चुका दिसल्या आणि दोन्ही गट आपापल्या मतावर अधिक ठाम झाले.

ही मुले मूर्ख नव्हती. बाजारात आपणही तेच करतो. नेहमीच्या कोळणीने ‘मासळी ताजी आहे’ म्हटले की आपण घेतो. अनोळखी बाईकडे मात्र कल्ला उघडून पाहतो. हा शहाणपणाच आहे. पण ज्या टोपलीतले कल्ले आपण उघडतो, नासकी मासळीही त्याच टोपलीत सापडणार! मग खराब माल तिकडेच असतो अशी आपली खात्री होते. प्रत्येक पाऊल शहाणपणाचे, पण शेवटचा हिशेब चुकीचा.

नाझरेथमधून काही चांगले निघेल, यावर नथनेलचाही विश्वास बसेना. त्याच्या संशयाला आधार होता, कारण जुन्या करारात नाझरेथचे नावही नाही. तरी फिलिपने बोलावताच तो उठून पाहायला गेला. प्रभूने त्याला दोष दिला नाही. उलट, निष्कपट म्हणून गौरविले. योहानकृत शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात परुशी गालीलविषयी तोच आक्षेप घेतात. आधी त्याचे ऐकून तरी घ्या, असे निकदेम सुचवतो, तर ते त्यालाच टोमणा मारतात. संशय दोन्हीकडे सारखाच होता. एक पाहायला गेला, दुसऱ्यांनी ऐकणेच नाकारले.

संत इग्नेशियस ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभीच सांगतात की, दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायला आपण तत्पर असावे, आणि तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे.

सत्य नेहमी अर्धे इकडे, अर्धे तिकडे असते, असे आम्ही म्हणत नाही. आपले मत सोडा, असेही नाही. पण या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. आपल्या बाजूची, आपल्याला आवडलेली एखादी बातमी विरोधकाची समजून तपासू या. आणि ज्या भावाशी निवडणुकीपासून बोलणे बंद आहे, त्याच्या ओट्यावर जाऊन ‘तुला असे का वाटते?’ एवढेच विचारू या. त्याचे बोलून होईपर्यंत गप्प बसू या.

मिस्सामध्ये आपण एकमेकांना देतो ती शांती त्या ओट्यापर्यंत पोहोचावी म्हणून पवित्र आत्मा आपल्याला बळ देवो. आमेन.