हिरडा, शिफा आणि आपली जबाबदारी



जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत उन्हाळ्याच्या दिवसांत आदिवासी बांधव हिरड्याची कोवळी फळे उतरवतात. ती वाळून काळी पडली की ‘बाळहिरडा’ म्हणून बाजारात येतात. युनानी हकीम याच फळाला ‘हलेला’ म्हणतात. त्यांचे ‘इत्रीफल’ हे नावही मूळ ‘त्रिफळा’ या शब्दावरूनच आले आहे. अल्लाहची देणगी अशी सर्वांसाठी सामाईक असते.

प्रत्येक आजाराबरोबर अल्लाहने त्याचा उपचारही उतरवला आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला मुखोद्गत असते. परंतु अबू दाऊद यांच्या संग्रहातील दुसरी शिकवण आपण सहसा विसरतो. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार ठरतो. शेजारच्या घरी आत्मविश्वासाने औषध सुचवणाऱ्या प्रत्येकाने या शिकवणीपुढे क्षणभर थांबावे.

हिरडा बद्धकोष्ठावर आणि अपचनावर पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो. त्याचे गुण खरे आहेत, म्हणूनच त्याची मात्राही महत्त्वाची आहे. अधिक घेतल्यास जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी होते. गर्भवती स्त्रीने, तसेच अशक्त किंवा उपाशी माणसाने तो घेऊ नये, असे आयुर्वेदही सांगतो. तेव्हा रमजानमध्ये सहरीला रेचक चूर्ण घेऊन दिवसभर तहान सोसणे शहाणपणाचे नाही. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत हिरडा घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरण्याची शक्यता असते; म्हणून तो घेत असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

सर्वांत नाजूक प्रश्न तान्ह्या बाळाचा आहे. अनेक घरांत सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ उगाळून मधातून गुटी चाटवली जाते. हेतू मायेचाच असतो. परंतु पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील जंतूंमुळे क्वचित जीवघेणा आजार होऊ शकतो. पवित्र कुरआनने मधात शिफा सांगितली आहे, यावर आपली श्रद्धा अढळ आहे. तथापि शिफा असणे म्हणजे ती प्रत्येक वयाला आणि प्रत्येक प्रकृतीला चालणे नव्हे. रोजा फर्ज असूनही आजारी माणसाला सवलत देणाऱ्या धर्माला हा भेद परका नाही.

आजीच्या हाताचा मान राखा. तिला प्रेमाने समजावून सांगा. बाळ पेंगत असेल, दूध ओढत नसेल किंवा त्याला जुलाब होत असतील, तर सहाण बाजूला ठेवून तत्काळ दवाखाना गाठा. डॉक्टरांकडे जाणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. जाणत्याला विचारणे हाही अल्लाहचाच आदेश आहे. शरीर ही अमानत आहे आणि तान्ह्या बाळाचे शरीर तर आपल्या हाती सोपवलेली दुसऱ्याची अमानत आहे.

अल्लाह आपल्या घरांतील लहानथोरांना आरोग्य देवो आणि आपल्या मायेला ज्ञानाची जोड देवो. आमीन.