जरा सरकून घ्या

(शास्त्रवाचन : निर्गम, अध्याय 23, याकोब, अध्याय 2)



इस्राएल लोक मिसर देशांतून सुटून आल्यावर देवानें मोशेच्या द्वारें त्यांस जे नियम दिले, त्यांत परक्याविषयींचा नियम मोठा विचार करण्याजोगा आहे. परक्यास गांजूं नये एवढें सांगून देव थांबला नाहीं. त्याचें कारणही त्यानें दिलें. तुम्ही स्वतः मिसरांत परके होतां, म्हणून परक्याच्या जिवास काय वाटतें हें तुम्हांस ठाऊक आहे, असा त्या कारणाचा आशय आहे. देवानें येथें दयेचा पाया आठवणीवर घातला आहे. ज्यास आपला मागला दिवस आठवतो, त्यास दुसऱ्याचा आजचा दिवस कळतो.

हा धडा मला लहानपणीं आगगाडीच्या डब्यांत मिळाला. आमच्या जवळा बाजारास रेल्वे नाहीं. त्या काळीं हिंगोली हा निराळा जिल्हाही नव्हता. तो परभणींतून 1999 सालीं वेगळा झाला. एस. टी. नें वसमतेस जावयाचें आणि तेथें पूर्णेहून येणारी गाडी धरावयाची, असा आमचा क्रम असे. पूर्णा ते हिंगोली हा फांटा निजामाच्या राज्यांत 1912 सालीं सुरू झाला, आणि स्वातंत्र्यानंतर तो वाशीम, अकोला व अकोट यांवरून खांडव्यापर्यंत जोडला गेला. मीनाक्षी एक्सप्रेस काचीगुड्याहून निघून याच वाटेनें थेट राजस्थानांत जात असे. आम्हांस आप्तांकडे खांडव्यास जावयाचें असे. म्हणून भाकरी, शेंगदाण्याची चटणी व पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन आम्ही लांबच्या प्रवासाच्या तयारीनें निघत असूं.

वसमतेस गाडी उभी राहिली कीं दारांतले लोक म्हणत, "येथें जागा नाहीं, पुढचा डबा रिकामा आहे." पुढच्या डब्यांतले लोक मागचा डबा दाखवीत. माझे वडील दांडा धरून विनवीत, "दादा, जरा सरकून घ्या, बरोबर लेंकरें आहेत." शेवटीं एखादी म्हातारी आपलें गांठोडें मांडीवर घेई, कोणी पाय आवरी, आणि चौघांच्या बांकावर सहावें माणूस बसे. हिंगोली येईतों सारे स्थिर झालेले असत. मग हिंगोलीस नवे लोक दाराशीं येत, आणि जे गृहस्थ वसमतेस हात जोडून चढले होते, तेच आंतून मोठ्यानें सांगत, "येथें जागा नाहीं, पुढचा डबा रिकामा आहे." माझी आई तेव्हां हळूच म्हणे, "आत्तांच तर हे बाहेर उभे होते." इतकें बोलून ती आम्हांस मांडीवर ओढी आणि बांकाचा एक कोपरा मोकळा करी.

अकोट मागें टाकल्यावर गाडी सातपुड्यांत शिरे. धूळघाटाजवळ रूळ असे वळविले होते कीं गाडी मोठा फेरा घेऊन आपल्याच मागल्या वाटेवरून, वरच्या अंगानें पार होई. लोक त्यास 'चारचा आंकडा' म्हणत. आज त्या वळणावर गाडी धावत नाहीं. परंतु त्या वेळीं तें वळण आलें कीं सगळा डबा खिडक्यांकडे झुके, आणि सकाळीं जागेसाठीं भांडलेलीं माणसें परक्याचें लेंकरूं उचलून खिडकीशीं धरीत. डबा वसमतेपासून बोटभरही वाढला नव्हता. तरी आतां त्यांत सर्वांस जागा होती, कारण सर्वांनीं एकमेकांची शिदोरी चाखली होती व गांवाचीं नांवें विचारलीं होतीं.

याकोबानेंही बसण्याच्या जागेवरूनच मंडळीची परीक्षा केली आहे. सोन्याची आंगठी घातलेल्यास मानाचें आसन आणि मळक्या वस्त्राच्या गरिबास उभें राहण्याची आज्ञा, हें त्यानें पाप म्हणून दाखविलें. आतां आपल्या मंडळ्यांकडे पाहूं. ज्यांच्या आज्यापणज्यांनीं बाप्तिस्मा घेतला, त्यांची सतरंजी पुढें. ज्या कुटुंबानें गेल्या वर्षीं बाप्तिस्मा घेतला, त्यास अजून "तुम्ही कोणाकडचे?" असें विचारतात, आणि मुलांच्या सोयरिकीची गोष्ट निघाली कीं मौन धरितात. दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेलीं कुटुंबें उन्हाळ्यांत परत येतात, तों त्यांची वर्गणी थकली म्हणून त्यांस कोणी सल्ल्यास बोलावीत नाहीं. हें "पुढचा डबा रिकामा आहे" असें म्हणणेंच नव्हे काय?

प्रियांनो, या डब्यांत आपल्यापैकीं कोणी जन्मला नाहीं. प्रत्येकाचें घराणें कोठल्या तरी स्टेशनावर चढलें आहे. आपल्या पूर्वजांस जेव्हां पाणवठ्यावर व वाड्यांत जागा नव्हती, तेव्हां कोणा उपदेशकानें आपल्या चुलीपाशीं त्यांस बसवून घेतलें. आणि ज्या प्रभूच्या नांवानें आपण जमतों, त्याच्या आईस बेथलेहेमांत उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, हें आपण दर नाताळीं वाचतों.

कोणी म्हणेल, "मंडळी लहान, उत्पन्न थोडें, जागा आणावी कोठून?" याचें उत्तर त्या रुळांनींच दिलें आहे. जुन्या मार्गावर दोन रुळांतील अंतर 1000 मिलिमीटर होतें. रुंद मार्गाचें 1676 असतें. पुढें पूर्णेस रुंद रूळ आले, तेव्हां एका मापाचा डबा दुसऱ्यावर जाईना; उतारूंस बोचकीं डोक्यावर घेऊन गाडी बदलावी लागे. शेवटीं 2008 सालीं पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला. त्यासाठीं गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, जुने रूळ उखडावे लागले, पूल नीट करावे लागले, आणि तोंवर गांवोगांवच्या लोकांनीं एस. टी. चे धक्के सोसले. यशया संदेष्ट्यानेंही तंबूची जागा वाढविण्यास सांगतांना दोऱ्या लांब करण्याचें व मेखा घट्ट ठोकण्याचें काम सांगितलें आहे. मंडळी रुंद व्हावयाची तर कोणास तरी आपला मान, कोणास आपली जुनी रीत सोडावी लागेल.

म्हणून उपदेशक बंधूंस माझी विनंति आहे. येत्या रविवारीं पुढची सतरंजी नव्या कुटुंबासाठीं राखा. ऊसतोडीहून कोणी परत आला, तर वर्गणीचें पुस्तक उघडण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाऊन प्रार्थना करा व त्याच्या ताटांत जेवा. पंचांच्या बैठकींत त्याचेंही मत विचारा. आणि माताभगिनींनो, दाराशीं संकोचून उभी असलेली बाई दिसली, तर तिला हात धरून आंत आणा. हें काम तुम्हांस पुरुषांहून चांगलें साधतें.

गाडी आपली नव्हे, वाटही आपण बांधिली नाहीं. आपण केवळ कृपेनें आंत घेतलेले उतारू आहों. ज्यानें आपणांस आंत घेतलें, तो प्रभु आपलीं अंतःकरणें रुंद करो, आणि दाराशीं उभा असलेला प्रत्येक जीव आपल्या शेजारीं बसलेला पाहण्याचा आनंद आपणांस देवो. आमेन.