तिने काहीच मागितलं नव्हतं

आजचा उतारा लूक ७:११-१७.

येशू चारही शुभवर्तमानांत एकच, पण लूकची नजर वेगळी. एकदा फक्त 'विधवा' हा शब्द शोधत लूक वाचून बघा. मंदिरातली हन्ना, सारफथची विधवा, नाईनची आई, न्यायाधीशाच्या मागे लागलेली ती बाई. बाकी तीन शुभवर्तमानांत या चौघी नाहीतच.

नाईनच्या वेशीवर एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा निघालीय. आई येशूला हाक मारत नाही, विश्वासाचं काही बोलत नाही. त्यालाच तिचा कळवळा येतो, तो पुढे होऊन तिरडीला हात लावतो. आणि उठलेल्या मुलाला शिष्य करून सोबत नेत नाही, आईच्या हवाली करतो. मला हे फार आवडतं.

पंडिता रमाबाईंना सिलचरच्या घरी, स्वतःच्याच पुस्तकांत, लूकची छोटी बंगाली पुस्तिका सापडली होती. १८८२ मध्ये पती गेले, मनोरमा तेव्हा तान्ही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, त्यात विधवांना आसरा आणि शिक्षण. हे लूकमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. विधवांचे हाल त्यांनी आधीच पाहिले होते.

उमरग्याला आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहतात. दर सुट्टीत निघताना मी म्हणतो, "काही लागलं तर सांगा काकू," आणि गाडीत बसतो. त्यांनी आजवर काही सांगितलं नाही. ऑफिसात तिकीट आलं नाही म्हणजे सगळं ठीक, तसंच मी धरून चाललो.

शनिवारी गावी जातोय. यावेळी आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसणार आहे.

आमेन.