अर्धे सांगितलेले आख्यान

 

गेली चाळीस वर्षे वीणेकऱ्याच्या पुढे उभा राहून देवाचे नाव घेतो आहे. कीर्तनकाराने दुसऱ्याचे दोष सांगू नयेत, स्वतःचे सांगावेत, असे आमचे गुरुजी पाठशाळेत म्हणत असत. त्या आज्ञेप्रमाणे आज माझा एक दोष या पानावर ठेवतो.

आमची उमरी नांदेडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मुदखेडच्या पुढे आहे. निजामाच्या राज्यात कापसाच्या व्यापाराचे हे गाव. येथे बँक होती आणि तिच्या तिजोरीत हाली शिक्क्याचा मोठा पैसा असे. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या मंडळींनी सरहद्दीवर आपली ठाणी केली होती. त्यांपैकी उमरखेडच्या मंडळींनी ३० जानेवारी १९४८ या दिवशी उमरीत येऊन ती बँक लुटली. एकवीस लाखांच्या घरात रक्कम हाती लागली. एवढा पैसा हाती येऊन कुणाच्या घराला माडी चढली नाही. त्याचा हिशेब ठेवला गेला आणि हैदराबाद मुक्त झाल्यावर उरलेली रक्कम सरकारजमा झाली, असे आमच्याकडची जुनी माणसे अभिमानाने सांगतात.

हे आख्यान मी उत्तररंगात किती वेळा लावले असेल, त्याची गणती नाही. सप्टेंबरात १७ तारखेच्या सुमारास एखादा सप्ताह असला की श्रोतेच म्हणतात, महाराज, उमरीची बँक सांगा. मग मृदंग चढतो, टाळकरी पुढे सरकतात, आणि मीही पदर खोचून उभा राहतो. वीररस साधला की कीर्तनकाराला आपण स्वतःच बंदूक घेऊन गेलो होतो असे वाटू लागते. (जन्म मात्र माझा त्यानंतर दहा-बारा वर्षांनी झालेला!)

काही वर्षांपूर्वी उमरीच्या पलीकडे एका खेड्यात हेच आख्यान झाले. आरती झाली, मंडळी पाया पडून पांगली. एक म्हातारी मात्र खांबाला टेकून बसूनच राहिली. नव्वदीच्या आसपासची असावी. मी जवळ जाऊन म्हटले, "काय माय, काही दुखतंय का?"

ती म्हणाली, "लई चांगलं झालं म्हाराज. पर त्याच दिशी बापूला मारलं, ते काहून सांगितलं नाहीत?"

मी म्हटले, "माय, वीररसात करुण मिसळला की रंग मोडतो."

ती म्हणाली, "मोडू द्या की. आमच्या घरी तर मोडलाच होता. आधी बँकेची खबर आली तवा बापानं आम्हां लेकरांच्या हातावर गूळ ठेवला, दार लावून. मग ती दुसरी खबर आली. बापानं गंगंवर जाऊन केस दिले. मायनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तुम्ही गुळाचं सांगता, केसाचं सांगत नाही."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. शास्त्रीपण माझे त्या म्हातारीपुढे उघडे पडले होते. रसभंगाची सबब खोटी होती, ते मला त्याच क्षणी कळले होते. खरे कारण वेगळे होते. बापूजींचे नाव कीर्तनात घेतले की हल्ली श्रोत्यांत कुजबुज होते. यजमान कोणत्या विचाराचा आहे, तो पुढच्या वर्षी बोलावील की नाही, असा विचार मनात येतो. आणि त्याहून खोल एक लाज आहे. ज्याने गोळ्या झाडल्या तो परका नव्हता. तो आपली मराठी बोलणारा, पुण्यात मराठी वर्तमानपत्र चालवणारा मनुष्य होता. लूट सांगताना 'आपली माणसे' म्हणायचे आणि हत्या आली की गप्प बसायचे, अशी माझी देशभक्ती चाळीस वर्षे चालली होती.

म्हणून आज राहिलेले अर्धे सांगतो.

दिल्लीत त्या जानेवारीत बापूजींनी १३ तारखेपासून १८ तारखेपर्यंत उपोषण केले, हिंदू-मुसलमानांनी एकमेकांचे गळे कापणे थांबवावे म्हणून. २० तारखेला त्यांच्या प्रार्थनेच्या जागी बाँब उडाला. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही. ३० तारखेला सरदार पटेलांशी बोलण्यात थोडा उशीर झाला, म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो वृद्ध दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून लगबगीने निघाला होता. सायंकाळचे ५ वाजून १७ मिनिटे झाली होती. नथुराम गोडसे वाटेत पुढे झाला, त्याने हात जोडले, वाकला, आणि मग तीन गोळ्या झाडल्या.

तो वाकला, येथे मी थांबतो. मृत्यू सर्वांनाच आहे. वारकऱ्याच्या मनाला जे टोचावे ते त्या वाकण्याने.

नमस्कार म्हणजे काय, हे आपल्या पंथाइतके कुणाला ठाऊक आहे? 'नम्' धातूचा अर्थ वाकणे. दिंडीत सासरा सुनेच्या पाया पडतो, सत्तर वर्षांचा पाटील दहा वर्षांच्या माळकरी पोराच्या पाया पडतो. तेथे वय पाहत नाहीत, जात पाहत नाहीत. मी तुझ्यापुढे वाकलो म्हणजे माझा मीपणा खाली ठेवला, आता माझ्यापासून तुला भय नाही, असे न बोलता दिलेले ते वचन आहे. संन्यासी संन्यास घेताना सर्व भूतांना अभय देतो. आपण प्रपंची माणसे तेवढे मोठे दान देऊ शकत नाही, म्हणून एकेका माणसाला, एकेका नमस्कारात, थोडे थोडे देत असतो. पंढरीची वाट सुखरूप चालते ती या वचनावर. लाखो अनोळखी माणसे एका माळावर उघड्यावर निजतात, ती कोणत्या पहाऱ्याच्या भरवशावर? ३० जानेवारीला बापूजींच्या देहाबरोबर त्या वचनावरही गोळी झाडली गेली.

यावर एका शिकलेल्या गृहस्थाने मला विचारले होते, "बुवा, भारती युद्धात धर्मराजाने भीष्मद्रोणांना आधी नमस्कार केला आणि मग त्यांच्यावरच बाण सोडलेच ना?" प्रश्न वाईट नाही, आणि शास्त्र शिकलेल्याने त्याला उत्तर देणे लागते. भीष्मपर्वात धर्मराज कवच उतरवतो, शस्त्र ठेवतो आणि पायी चालत शत्रूच्या सेनेत जातो. समोर भीष्म शस्त्र धारण करून उभे आहेत. तो मागतो ती युद्धाची अनुज्ञा. ती मिळाल्यावर परत येतो, कवच घालतो, आणि मग उघड रणांगणावर लढाई होते. भय होते ते नमस्कार करणाऱ्याला. तेव्हा त्या सायंकाळची जोड भीष्मपर्वात शोधू नये, ती सौप्तिकपर्वात आहे. रात्री निजलेल्या नि:शस्त्र वीरांवर अश्वत्थामा धावून गेला. त्यालाही वाटत होते की मी बापाचा सूड घेतो आहे, माझे कार्य न्याय्य आहे. तो ब्राह्मण होता, विद्वान होता, शूर होता, यातले काहीच व्यासांनी नाकारले नाही. तरी त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला आणि त्याला भटकत ठेवले. आमच्याकडे अजून म्हाताऱ्या सांगतात, की तो जखमेला तेल मागत हिंडतो. त्याला मारले नाही, विसरूही दिले नाही. व्यासांची ती शिक्षा मला आता कुठे उमगू लागली आहे.

मग आमच्या उमरीला आलेल्या मंडळींच्या हातीही बंदुका होत्या, त्यांचे काय? हे मी लपवणार नाही. स्टेट काँग्रेसने १९३८ साली सत्याग्रहाने आरंभ केला होता. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरे यांना बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ ठार मारण्यात आले. पुढे रझाकारांनी गावेच्या गावे छळली. तेव्हा आमच्या माणसांनी शस्त्र धरले. बापूजींना ते मानवले असते असे मी म्हणणार नाही. पण त्या माणसांनी शस्त्र धरल्यावरही पैशाचा हिशेब ठेवला, आपण कोण आहो हे लपवले नाही, आणि कुणाच्या पाया पडून त्याचा घात केला नाही. एवढा भेद मला दिसतो. बाकीचे थोरांनी ठरवावे.

आता साने गुरुजींचे सांगतो. नावच मुळी पांडुरंग. मे १९४७ मध्ये पंढरीस विठोबाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून हे दहा दिवस उपाशी राहिले, आणि ते दार उघडले. ज्याच्या दारी आपण सर्व समान म्हणतो, त्याच्या दारासाठी एका मास्तराला प्राण पणाला लावावा लागला, याचा आपल्या पंथाला विसर पडू नये. त्याच गुरुजींनी बापूजींच्या हत्येनंतर एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्यांनी पिस्तूल धरले नव्हते, कटात नव्हते. मारेकरी आपल्या महाराष्ट्रातला, एवढ्यावरून त्यांनी प्रायश्चित्त आपल्या पोटाला लावून घेतले. त्याच दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात किती तरी ठिकाणी लोकांनी ब्राह्मणांची घरे जाळली, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांची. ज्यांनी काडी लावली तेही म्हणत होते, आम्हांला बापूंचे दु:ख झाले आहे.

आणि हे बोलताना आमच्या मराठवाड्याचे एक दुखणेही जिभेवर येते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज निजामाच्या राज्यात आली, १७ ला निजाम शरण आला, आपण मुक्त झालो. तो दिवस आपण झेंडा लावून साजरा करतो आणि करावाच. पण त्यानंतरच्या आठवड्यांत रझाकारांचा सूड म्हणून ज्यांनी कुणाचे काही केले नव्हते असे मुसलमान शेतकरी, विणकर, त्यांच्या बायका-लेकरे मारली गेली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांना चौकशीला पाठवले होते. त्यांनी ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली म्हणून नोंदले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्याबरोबर आपले नांदेड आहे. दिल्लीत बापूजी ज्यासाठी उपाशी राहिले होते, तेच त्यांच्या मागून आठ महिन्यांत आपल्या शिवारात घडले. हे मी कीर्तनात कधी सांगितले नाही, आणि गावोगावी माझ्या आधीच्या बुवांकडूनही ऐकले नाही. रझाकारांचे क्रौर्य मात्र आम्ही सगळेच सांगतो. ते खरेच होते, म्हणून सांगतो. मग हेही खरे होते.

असो. येत्या ३० जानेवारीस सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याचा प्रघात आहे. तेव्हा टाळ खाली ठेवून आपणही उभे राहावे. त्या रात्री उमरीच्या बाजूला माझे कीर्तन ठरले आहे. यजमानांना आधीच सांगून ठेवले आहे की आख्यान पूर्ण होईल, बँकही आणि दिल्लीही, आणि रंग मोडला तर मोडेल. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सांगा बुवा."

ती म्हातारी आता नाही. पण तिच्या वयाची दोन-चार माणसे अजून आपापल्या गावी असतील. ज्यांच्या घरी असा कुणी म्हातारा, म्हातारी असेल, त्यांनी कीर्तनाआधी तासभर त्यांना घेऊन यावे, गाडीभाड्याचे मी पाहीन. मी वही घेऊन मंडपात बसलेला असेन.