ईएन 8 म्हणून आलेला रॉड

जळगाव

चि. भाचेबुवा,



काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून हे सविस्तर लिहितोय. अवधानच्या तुझ्या शेडमध्ये क्रशरवाल्याचा शाफ्ट आलाय, 60 मिलिमीटरचा रॉड भंगारातला, आणि गिऱ्हाईक छातीठोक सांगतंय की ईएन 8 पोलाद आहे. तू त्या हिशोबाने 800 आरपीएमला लावलास आणि पहिल्याच पासात इन्सर्टची कड उडाली. आता विचारतोस, मामा, भारीतला इन्सर्ट आणू का? इन्सर्टचं नंतर बघू. आधी तो रॉड कोण आहे ते बघ.

शेडमध्ये खात्रीचा ईएन 8 चा तुकडा असेलच. ग्राइंडरवर आधी तो धर, मग हा धर. नुसती एक ठिणगी पाहून नाव सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या नादी लागू नको. दोन ठिणग्या शेजारी पाहिल्या तर मात्र फरक आंधळ्यालाही कळेल. ईएन 8 मध्ये कार्बन 0.4 टक्क्याच्या आसपास. बेअरिंगच्या ईएन 31 मध्ये तो 1 टक्का असतो, त्याच्या ठिणग्या दाट आणि फुलबाजीसारख्या फुटतात. मग लोहचुंबक लाव. चिकटला नाही तर 304 स्टेनलेस असेल, नाहीतर मँगनीज पोलाद. क्रशरच्या जबड्याला हेच लागतं. 1882 साली रॉबर्ट हॅडफील्डने ते काढलं. साधारण 12 टक्के मँगनीज, आणि जितकं ठोकाल तितकं वरून कडक होतं. टूल नुसतं घासलं तरी तेच. रेल्वेच्या क्रॉसिंगलाही हे वापरतात. भुसावळकडून कोणी रेल्वेचा तसा तुकडा स्वस्तात आणून दिला, तर तो लेथवर नको आणि शेडमध्येही नको. पोलीस येतील ते वेगळंच.

शेवटी कानस. कानस नुसती घसरली, तर रॉड पाणी दिलेला आहे, साध्या टर्निंगचा नाद सोड. कानस धरते पण जोर मागते, असं असेल तर मला वास येतो तो ईएन 24 चा, कडक करून टेम्पर केलेल्या. त्यात दीड टक्का निकेल, शिवाय क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. जुन्या मशिनांचे शाफ्ट असेच भंगारात येतात आणि दुकानदार सगळ्यांना एकच नाव देतो. तो ईएन 19 निघाला तरी वेग ठरवायला फारसा फरक पडत नाही. तिथे नावापेक्षा कडकपणा कळणं महत्त्वाचं. पण शाफ्टवर वेल्डिंग करायचं असेल किंवा पुन्हा पाणी द्यायचं असेल, तर अंदाजाने जाऊ नको, नाशिकला पाठवून स्पेक्ट्रो करून घे. तो खर्च गिऱ्हाइकाचा, आणि हे त्याला आधीच सांग.

आता वेग. तोंडी हिशोब लक्षात ठेव: मीटरमधला वेग गुणिले 318, भागिले मिलिमीटरमधला व्यास. तुझे 800 आरपीएम म्हणजे 60 च्या रॉडवर मिनिटाला 150 मीटर. मऊ ईएन 8 ला कार्बाइडने चालून गेलं असतं. टेम्पर केलेल्या ईएन 24 ला मी 80 पासून सुरुवात करीन, म्हणजे 424 आरपीएम. तुझ्या गिअरच्या पाटीवर तो आकडा नसणार, त्याच्या खालचा घे. इन्सर्टच्या डबीवर छापलेला वेग पाहून हुरळू नको. बऱ्याच कंपन्यांचे तक्ते कड 15 मिनिटं टिकेल असं धरून केलेले असतात, तेही ठरावीक कडकपणाच्या मालावर आणि भक्कम मशीनवर.

फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन माणसाने या एकाच प्रश्नावर 26 वर्षं घालवली आणि 1906 मध्ये सगळं मांडलं. साडेतीनशे टनांहून जास्त लोखंडाच्या चिपा केल्या म्हणे. वेगावर परिणाम करणाऱ्या 12 गोष्टी त्याने मोजल्या, पण आपल्या कामाचं सार एवढंच की कड मारतो तो वेग. कार्बाइडवर वेग 20 टक्के वाढवला की कडेचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एचएसएसवर, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या टूलवर, तर पाव उरतं. फीड वाढवल्याने इतकं नुकसान होत नाही. म्हणून टूल तापलं की फीड कमी करायची तुझी सवय उलटी आहे. फीड फार बारीक केलं तर टूल कापत नाही, घासतं.

अनोळखी रॉडची मर्यादा काढायची एक युक्ती सांगतो. एचएसएस बिट लाव, 200 आरपीएम ठेव आणि मधून बाहेर फेसिंग कर. आरपीएम तेच, पण बाहेर जाशील तसा वेग वाढतो. 30 च्या व्यासावर फिनिश बिघडून पट्टा चकाकला, तर तिथे वेग होता 19 मीटर. ती हद्द समज आणि काम तिच्या तीन चतुर्थांशावर कर. टेलरच्या वेग आणि आयुष्याच्या सूत्राने एवढ्यातच कडेचं आयुष्य दहापट होतं.

इन्सर्ट निळ्या पट्टीचा, पी गटाचा घे, पण त्यातला चिवट, पी 25 ते पी 35 मधला. अतिकडक पी 10 तुझ्या जुन्या लेथच्या थरथरीत टिकणार नाही. नोज रेडियस 0.8 आणि कटाची खोली त्याहून जास्त. कार्बाइडची चिप निळी निघाली तर घाबरू नको, उष्णता चिपेबरोबर जातेय. एचएसएसला चिप निळी व्हायला लागली की वेग उतरव. आणि एकाच शाफ्टसाठी एचएसएसला हिणवू नको. कोबाल्टचा बिट नीट धार लावून 12-15 मीटरवर चालवलास तर वेळ लागेल, पण संध्याकाळपर्यंत शाफ्ट होईल.

कार्बाइडवर कूलंट द्यायचं तर सतत धार दे, नाहीतर कोरडंच चालव. मधूनमधून बाटलीने शिंपडलं की कडेला तडे जातात. मे महिन्यात आपल्याकडे पाणी उडतं, तेल मागे राहतं, त्यामुळे टाकीत भर घालताना मिश्रण पातळच घाल. आणि कट चालू असताना लाइट गेली, तर स्पिंडल थांबताना इन्सर्ट मालात रुततो. लाइट आल्यावर थेट बटण दाबू नको, आणि टूल जोराने मागेही ओढू नको. चक हाताने जरा उलटा फिरव, टूल सुटू दे, मग कड भिंगाने बघ.

दोन्ही ठिणग्यांचे फोटो आणि कानशीचं काय झालं ते रात्री कळव. तोवर गिऱ्हाइकाला उद्याची तारीख देऊ नको.

तुझा,
मामा