वारशाची पेटी आणि जाणत्याचें मौन

घरांतील वडील मनुष्य गेल्यावर तेरावें होतें, पाहुणे परततात, आणि मग केव्हां तरी कपाटें उघडलीं जातात. सोनें, ठेवींच्या पावत्या, घराचे कागद यांचा हिशेब लागावयास फार वेळ लागत नाहीं. त्यांचा भाव बाजारांत ठरलेला असतो. परंतु एखाद्या पत्र्याच्या पेटींतून टपालाच्या तिकिटांचे दोनतीन आल्बम निघतात आणि सारेच क्षणभर थबकतात. कोणी म्हणतो, हा कचरा आहे. कोणी म्हणतो, असलीं तिकिटें लाखांना जातात. दोघांनाहि कांहीं ठाऊक नसतें. वांटण्यांचे कागद करतांना अशा पेट्या आमच्यासमोर वारंवार आल्या आहेत, आणि 'याची किंमत किती?' हा प्रश्न वरवर बाजाराचा दिसला तरी त्याच्या पोटांत दुसरा प्रश्न दडलेला असतो, असें आमचें मत होत गेलें आहे. तो असा: किंमत ज्याला कळली, त्यानें ती कोणाला सांगितली पाहिजे?

प्रथम बाजाराची बाजू पाहूं. तिकीट जुनें म्हणजे मौल्यवान, हा समज जितका रूढ तितकाच फसवा आहे. जगांतील पहिलें चिकटवावयाचें टपाल तिकीट म्हणजे इंग्लंडचें 1840 चें काळें पेनी तिकीट. तें सुमारें 6 कोटी 80 लक्ष छापलें गेलें होतें आणि आजहि पुष्कळ मिळतें. उलट 15 ऑगस्ट 1948 रोजीं निघालेल्या गांधीजींच्या तिकिटांपैकीं दहा रुपयांचें तिकीट गव्हर्नर जनरलच्या वापरासाठीं 'सर्व्हिस' हा शब्द वर छापून अवघें शंभर काढलें होतें. त्यांतील जोडलेलीं चार तिकिटें एका इंग्लिश पेढीनें 2017 सालीं पांच लक्ष पौंडांना विकलीं. काळें तिकीट या तिकिटाहून 108 वर्षांनीं वडील आहे, पण तें वडीलपण बाजारांत चालत नाहीं. किती नग उरले आहेत आणि किती जणांना ते हवे आहेत, एवढेंच तेथें पाहिलें जातें.

मग स्थिति येते. कडेचे दांते पूर्ण आहेत कीं एखादा तुटला आहे, पाठीवरचा डिंक शाबूत आहे कीं आल्बमला चिकटवतांना कागद सोलला गेला आहे, चित्र मध्यावर बसलें आहे कीं एकीकडे सरकलें आहे, शिक्का हलका आहे कीं मुखावर काळा डाग होऊन बसला आहे, यांवरून एकाच तिकिटाचा भाव कितीतरी पटींनीं खालींवर होतो. आमच्या कोंकणपट्टीच्या पावसाळ्यानें तर किती आल्बमांची वाट लावली आहे! तपकिरी ठिपके पडलेले पाहून ओल्या फडक्यानें पुसावयास बसणारा वारस पावसानें केलेलें नुकसान पुरें करतो. पाकिटावरचें तिकीट पाण्यांत भिजवून सोडविणें हेंहि तसेंच. कित्येकदां तिकिटापेक्षां गांवाचा टपालशिक्का किंवा युद्धकाळांतील सेन्सॉरची पट्टी यांनाच अधिक मोल असतें.

आमच्या वाचकांच्या घरीं निघणाऱ्या पेट्या एका निराळ्याच इतिहासाच्या साक्षी असतात. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यांत 1871 पासून स्वतंत्र तिकिटें निघत. पहिलीं तर गोव्यांतच ओबडधोबड ठशांनीं छापलेलीं आहेत, आणि त्यांचे बारीक भेद ओळखणें हें जाणकारांचेंच काम होय. हैदराबादच्या निजामानें 1869 पासून, भोरच्या पंतसचिवांनीं 1879 पासून, इंदूरच्या होळकरांनीं 1886 पासून आपापलीं तिकिटें काढलीं. ग्वाल्हेरनें हिंदुस्थान सरकारच्या तिकिटांवर इंग्रजी व नागरी अक्षरांत संस्थानाचें नांव छापून घेतलें. त्या छपाईंत इंग्रजी नांवाचें एखादें अक्षर चुकलेलीं कांहीं तिकिटें आज बिनचूक तिकिटांहून महाग आहेत, ही गंमत शुद्धलेखनाच्या अभिमान्यांनीं ध्यानीं ठेवण्यासारखी आहे. बडोदें संस्थानानें टपालाचीं नव्हे, पण कोर्टफीचीं तिकिटें काढलीं. तीं जुन्या दस्तांवरून कात्रीनें कापून आल्बमांत लावलेलीं पाहिलीं म्हणजे आमच्यांतला वकील कळवळतो. दस्तहि गेला आणि तिकिटाचें अर्धें मोलहि गेलें! पूर्व आफ्रिकेंत नोकरीस गेलेल्या गोमंतकीयांच्या पत्रांवर केनिया, युगांडा व टांगानिका यांचीं तिकिटें दिसतात. तीं देखणीं आहेत, पण बहुतेक साधीं आहेत. आणि 1960 नंतरच्या दशकांत अजमान, शारजा अशा अमिरातींच्या नांवें निघालेलीं रंगीबेरंगी तिकिटें तर बव्हंशीं संग्राहकांना विकण्यासाठींच छापलेलीं व छापखान्यांतूनच शिक्के घेऊन आलेलीं असत. मुलांना तींच सर्वांत आवडत.

सूचीग्रंथांत दिलेला भाव वाचून वारस हरखून जातात. तो भाव निर्दोष नगासाठीं दुकानदार मागतो तो भाव होय. तोच दुकानदार विकत घेतांना त्याचा लहानसा अंश देतो. नग खरोखर दुर्मिळ वाटला तर लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थेचे तज्ज्ञ शुल्क घेऊन खरेंखोटें तपासतात आणि प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्रावांचून मोठा ग्राहक पुढें येत नाहीं. ही सारी छाननी झाल्यावर दहांतील नऊ पेट्यांची किंमत एका साध्या जेवणावळीइतकीहि भरत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. प्रश्न येतो तो दहाव्या पेटीचा.

1873 सालीं दक्षिण अमेरिकेंतील ब्रिटिश गियानांत बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला चुलत्याच्या जुन्या पत्रांत एक सेंटचें, कोपरे कापलेलें, मळकट किरमिजी तिकीट सांपडलें. त्यानें तें गांवांतील एका संग्राहकाला सहा शिलिंगांना विकलें. 1856 च्या त्या तिकिटाचा दुसरा निःसंशय नग आजवर पुढें आलेला नाहीं. 2014 सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत तें सुमारें 95 लक्ष डॉलरांना गेलें, आणि 2021 सालीं सुमारें 83 लक्षांना. म्हणजे सात वर्षांत तेंच तिकीट स्वस्त झालें. तें विकत घेणाऱ्यानें त्या मुलाला फसविलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या दिवशीं ती किंमत कोणालाच ठाऊक नव्हती. दोघेहि सारख्याच अंधारांत उभे होते. अज्ञान समान असेल तेथें अन्याय झाला असें म्हणतां येत नाहीं. एकाच्या हातीं दिवा असतो आणि तो तें सांगत नाहीं, तेथें अन्याय सुरू होतो.

वडिलांची पेटी वडिलोपार्जित घरांत राहणाऱ्या भावाकडे असते. बहीण इंदुरास किंवा हैदराबादेस दिलेली असते. भाऊ एखाद्या जाणकाराला आल्बम दाखवितो, त्यांतील दोन तिकिटांचें मोल त्याला कळतें, आणि पुढच्या महिन्यांत बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करावयास बोलाविणें जातें. यादींत 'किरकोळ जंगम वस्तु' असा एक शब्दसमूह असतो. पेटी कोणी लपविली नाहीं. बहिणीनें ती माजघरांत पाहिलीहि असेल. लपविलें गेलें तें फक्त तिचें मोल. याला चोरी म्हणावें काय?

1872 च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमाखालीं यासंबंधीं मोठीं मार्मिक उदाहरणें दिलेलीं आहेत. एक मनुष्य खोड असलेला घोडा लिलावांत विकतो व त्या खोडीविषयीं गप्प बसतो. ही फसवणूक नव्हे. परंतु घेणारी त्याची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच तिला सांगणें त्याचें कर्तव्य होतें. पुढें म्हटलें आहे कीं दोन व्यापारी सौदा करीत असतां एकाला भाव बदलल्याची खाजगी बातमी असली, तर ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाहीं. शब्द तेच, मौनहि तेंच. पण समोर कोण उभें आहे यावरून त्याचा अर्थ पालटतो. आतां भाऊबहीण हे कोणत्या उदाहरणांत बसतात? सही घेतांना कित्येक भाऊ बहिणीशीं व्यापाऱ्यासारखे वागतात, आणि तिनें मात्र 'दादा सांगतो म्हणजे बरोबरच असेल' असें बहिणीसारखें वागावें अशी त्यांची अपेक्षा असते. त्या विश्वासाच्या बळावर सही मिळते. म्हणून त्या विश्वासाचें ओझेंहि दादानें उचललें पाहिजे.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं ही गांठ ओळखली होती. एका भागीदारानें दुसऱ्यापासून दडविलेलें द्रव्य वांटणीनंतर उघडकीस आलें, तर तें सर्वांनीं पुन्हां समान वांटून घ्यावें, असा याज्ञवल्क्यांचा नियम आहे. त्यावर मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें एक शंका घेतली आहे: सामाईक धनांत दडविणाऱ्याचाहि वांटा आहे, मग स्वतःचेंच धन घेण्यांत दोष कसला? आणि तो ती शंका फेटाळतो. त्यांत इतरांचेंहि स्वत्व आहे, म्हणून दोष लागतोच. आमचें म्हणणें इतकेंच, कीं मोलाचें ज्ञान हेंहि त्या द्रव्याच्याच पोटांत येतें. आल्बम समोर ठेवून त्याची किंमत पोटांत ठेवणें हें आल्बम कोठारांत पुरून ठेवण्याहून वेगळें नाहीं.

यावर एक बुद्धिमान अशील आम्हांस म्हणाले होते, "हें ज्ञान मीं मेहनतीनें मिळविलें, सूचीग्रंथ मीं चाळले, जाणकाराकडे मीं गेलों. हें माझें विद्याधन नव्हे काय?" युक्तिवाद लहान नाहीं. विद्येनें मिळविलेलें धन मिळविणाऱ्याचें स्वतंत्र असावें यासाठीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनीं खटपट केली आणि 1930 सालीं तसा कायदा झाला. परंतु विद्याधन म्हणजे विद्येनें नवें उत्पन्न केलेलें धन. वैद्याचें शुल्क, शिक्षकाचा पगार हें पूर्वीं नव्हतें, विद्येमुळें आलें. येथें भावाच्या विद्येनें तिकिटांत एक दांताहि नवा घातलेला नाहीं. जें सर्वांचें होतें तें केवळ ओळखलें. ओळखण्याची मजुरी त्यानें खुशाल घ्यावी. जाणकाराचें शुल्क, प्रमाणपत्राचा खर्च, इतकेंच नव्हे तर इतकीं वर्षें पेटी ओलीपासून राखल्याबद्दल कांहीं अधिक मागावें. आम्ही त्याच्या बाजूनें तसें लिहूनहि देऊं. पण तें मागून घ्यावें, गप्प बसून नव्हे.

महाभारताच्या शांतिपर्वांत तपाचा गर्व झालेला जाजलि काशीच्या तुलाधार वाण्याकडे धर्म शिकावयास जातो, ही कथा देवळांतील पुराणांतून आपण ऐकलेली आहे. तो वाणी धंदा सोडीत नाहीं. आपला तराजू सर्वांस सारखा आहे, एवढेंच आपल्या धर्माचें सार सांगतो. व्यापारांतहि इतकें साधतें, तर घरांत कां साधूं नये?

आणि हा नियम उलटहि लागतो, हें फारसें कोणी बोलत नाहीं. पेटी टाकाऊ आहे हें ठाऊक असून 'बाबांचा लाखांचा संग्रह तुला' असें म्हणत ती बहिणीच्या वांट्यास घालावयाची आणि सोनें आपण ठेवावयाचें, असेंहि होतें. फुगविलेली किंमत आणि दडविलेली किंमत या सख्ख्या बहिणीच आहेत.

परक्या ग्राहकाची गोष्ट थोडी निराळी. दुकानदार आपल्या ज्ञानावरच जगतो. त्यानें प्रत्येक विक्रेत्याला शिकवीत बसावें असें कोणी म्हणणार नाहीं. पण एखादी विधवा आल्बम पुढें ठेवून 'याचें काय येईल?' असें विचारते आणि तो उत्तर देतो, तेव्हां तो ग्राहक राहत नाहीं, सल्लागार होतो. मग उत्तर खरेंच दिलें पाहिजे. म्हणून आम्ही सर्वांस सांगतों, कीं जो विकत घेणार त्याला किंमत विचारूं नये, आणि ज्याला किंमत विचारली त्याला विकूं नये. शुल्क घेऊन मत देणारा मनुष्य महाग वाटतो, परंतु त्याचा स्वार्थ शुल्काशीं संपतो.

गोव्यांतील रीत या बाबतींत आम्हांस शहाणपणाची वाटते. पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेली आणि आतां 2012 च्या गोवा वारसा कायद्यांत घेतलेली इन्व्हेंटरीची पद्धत अशी, कीं मालमत्तेची यादी शपथेवर द्यावयाची, तिचें मूल्य मांडावयाचें, आणि मग वारसांनीं हव्या त्या वस्तूवर आपसांत बोली करावयाची. मुलीचा वांटा तेथें मुलाइतकाच. बोलींत भांडणें होतात, जुने राग निघतात. तरी प्रत्येक वस्तु एकदां सर्वांच्या डोळ्यांसमोरून जाते. इतरत्र 2005 च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला जन्मतःच मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. पण हक्क मिळाल्यावरहि हक्कसोडपत्रें होतच राहिलीं आहेत, आणि त्यांत 'किरकोळ जंगम' हा शब्द अजून तसाच आहे.

आम्हीं स्वतः आपल्या मसुद्यांत त्याऐवजीं एक लांबलचक वाक्य घालण्याचा प्रघात ठेवला आहे: पेटींतील तिकिटें, नाणीं, पुस्तकें यांची मोजदाद अमुक, त्यांचें मूल्यमापन झालें आहे अथवा नाहीं, झालें असल्यास तें कोणी केलें, नसल्यास पुढें विशेष मोल आढळल्यास खर्च वजा जातां तें सर्व वारसांत समान वांटलें जाईल. अशील बहुधा हें वाचून हंसतात आणि सही करतात. एकदोघांनीं मात्र, 'एवढ्यातेवढ्यासाठीं हें कशाला, काढून टाका' असा आग्रह धरला. त्यांना आम्हीं सांगितलें, पेटी आधीं येथें आणा, मग मसुदा पाहूं.